तीन डबे समोर आहेत, क्रँकला कोणती बेअरिंग घालू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, खालून ठोका यायला लागला म्हणून उतरवलं. दोन नंबरच्या बिग एन्डचं (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) बेअरिंग तांब्यावर आलंय, त्या जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागावर, नखाला लागतील असे ओरखडे आहेत, बाकीची जर्नल डोळ्यांना बरी दिसतात. विक्रेत्याने तीन प्रकारचे सेट पुढे ठेवलेत: ॲल्युमिनियमचा बायमेटल, कॉपर-लेडचा ट्रायमेटल आणि ‘स्पटर’. मिस्त्री म्हणतो पॉलिश मारून स्टँडर्डच, मूळ मापाचीच टाकू. ग्राइंडिंगवाला म्हणतो सगळा क्रँक ०.२५ ला उतरवू, म्हणजे घासून जर्नलचा व्यास पाव मिलिमीटरने कमी करू आणि तेवढी जाड बेअरिंग घालू. कोणाचं ऐकायचं आणि कुठला सेट घ्यायचा?

मिस्त्रीचं ऐकू नका. ग्राइंडिंगवाल्याचं अर्धं ऐका, पण क्रँक आजच त्याच्या स्वाधीन करू नका. आणि तिन्हीपैकी कुठलाही डबा फोडण्याआधी जुनी बेअरिंग कुठे आहेत ते बघा. भंगारात गेली असतील तर बाहेर काढा. मेन (क्रँकला ब्लॉकमध्ये पेलणारी) आणि बिग एन्ड, वरचं-खालचं अर्धं, सगळी डिझेलने धुऊन इंजिनात होती त्याच क्रमाने एका फळीवर मांडा आणि पाठीवर मार्करने नंबर टाका. इंजिन बांधताना करायच्या तपासण्यांमधली ही सगळ्यात सोपी, आणि हीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

आता ती फळी वाचायची. एकट्या दोन नंबरचंच बिग एन्ड गेलं असेल आणि बाकीची सहा अर्धी एकसारखी करडी असतील, तर दोष त्या एका जागेचा आहे. रॉड वाकला असेल, रॉडचं मोठं बोअर अंडाकृती झालं असेल, क्रँकमधून त्या जर्नलकडे जाणारं तेलाचं भोक तुंबलं असेल, नाहीतर त्या सिलिंडरचा इंजेक्टर भलतंच डिझेल ओतत असेल. सगळीच थोडीथोडी गेली असतील तर तेल, फिल्टर, पंप यांच्याकडे संशयाने बघा. वरच्या अर्ध्यात एका कडेला आणि खालच्या अर्ध्यात बरोबर विरुद्ध कडेला झीज असेल तर रॉड वाकलाय, हे जवळजवळ नक्की. दोन्ही अर्ध्यांत एकाच कडेला असेल तर जर्नल निमुळतं आहे. पृष्ठभाग मेणासारखा पुसला जाऊन ओघळलाय? तेल पोचलं नाही. काळपट खड्डे खड्डे पडलेत? तेल फार दिवस बदललेलं नाही, किंवा त्यात कूलंट मिसळत होतं. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा भेगांची जाळी आणि मधल्या खपल्या उडालेल्या दिसत असतील तर तो थकवा. म्हणजे त्या धातूला पेलवेल त्याहून जास्त भार पुन्हा पुन्हा पडला. आणि गोल गोल ओरखडे, त्यांच्या टोकाला रुतून बसलेले चकाकते कण, हा कचरा.

पाठीकडूनही बघायला विसरू नका. शेलच्या, म्हणजे बेअरिंगच्या अर्ध्या कमानीच्या, पाठीवर एखादा लहानसा चकचकीत ठिपका आणि नेमका त्याच जागी आतून झिजलेला डाग दिसला, तर मागच्या वेळी बसवणाऱ्याने शेलखाली कसलासा कण ठेवलाय. धातूचा काही दोष नाही.

हे सगळं आधी यासाठी सांगतोय की धातूची निवड यावरच ठरते. थकव्याच्या भेगा असतील तर जास्त ताकदीचा धातू हवा. कचऱ्याने गेलं असेल तर ताकदवान धातू उलट अंगावर येतो. तांबं दिसणं हे दोन्हीत सारखंच दिसतं, म्हणून नुसतं ‘तांब्यावर आलं’ एवढ्यावरून मला तुमचा डबा निवडता येत नाही. पण त्यावरून एक गोष्ट मात्र कळते: तुमच्या इंजिनाच्या त्या बिग एन्डला बसलेलं बेअरिंग ॲल्युमिनियमचं नव्हतं.

आता भार किती असतो ते बघू, कारण ‘हेवी ड्यूटी’ हा शब्द डब्यावर कोणीही छापतो. १०० मिमी बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर. जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनात जळणाचा कमाल दाब ८० बार धरला तर पिस्टनवर सुमारे ६.४ टन जोर येतो. टर्बो आणि इंटरकूलर असलेल्या इंजिनात तोच दाब १६० बार धरा, जोर १२.८ टन. हा सगळा जोर समजा ६५ मिमी व्यासाच्या आणि २८ मिमी कामाच्या रुंदीच्या बिग एन्डवर पेलायचाय. भागाकार केला तर पहिल्या इंजिनात दर चौरस मिलिमीटरला साडेतीन किलो, दुसऱ्यात सात किलो. पिस्टन-रॉडच्या जडत्वाचा हिशोब मी सोडून दिलाय, तो धरला तर आकडा थोडा उतरतो. पण दुप्पट ते दुप्पटच. आणि हे सगळं तोलून धरते ती तेलाची साय, भाराच्या ऐन क्षणी मायक्रॉन-दोन मायक्रॉन जाडीची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो.

बेअरिंगच्या धातूकडून आपण दोन एकमेकांविरुद्ध गोष्टी मागतो. एक, एवढा भार लाखो वेळा सोसायची ताकद. दोन, मऊपणा: जर्नल जरा तिरकं असेल तर त्याच्याशी जुळवून घ्यायचं, तेलातून आलेला कण पोटात घ्यायचा, तेल क्षणभर तुटलं तर जर्नलला न चिकटता निभावून न्यायचं. ताकद वाढवली की मऊपणा जातो. आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये आपल्या पांढऱ्या मऊ धातूचं पेटंट घेतलं तेव्हापासून हीच ओढाताण चालू आहे, आणि तुमच्यासमोरचे तीन डबे म्हणजे त्या ओढाताणीतल्या तीन तडजोडी.

बायमेटलमध्ये पोलादी पाठीवर ॲल्युमिनियम आणि कथिलाचं मिश्रण असतं, बहुतेक वेळा कथिल २० टक्क्यांच्या आसपास. थर जाड, मिलिमीटरचा पाव-तृतीयांश भाग. वर वेगळा मुलामा नाही, त्यामुळे झिजून ‘खालचा धातू उघडा पडला’ हा प्रकारच नाही, आणि आंबलेल्या तेलाला हा धातू चांगला टिकतो. काहींमध्ये सिलिकॉन घालतात. त्याचं कारण मजेशीर आहे. ओतीव क्रँकमध्ये ग्राफाइटच्या गाठी असतात आणि ग्राइंडिंगनंतर त्या गाठींच्या काठाला लोखंडाची बारीक कुसळं उभी राहतात. सिलिकॉनचे कठीण कण ती कुसळं चालत्या इंजिनात घासून काढतात. म्हणजे बेअरिंगच जर्नलला पॉलिश करतं. टर्बो नसलेल्या इंजिनात मी बायमेटल डोळे झाकून घालतो. तुमच्या टर्बो इंजिनाच्या बिग एन्डला घालणार नाही.

ट्रायमेटल म्हणजे पोलादी पाठ, तिच्यावर शिसं मिसळलेल्या ब्राँझचा थर, त्यावर मायक्रॉन-दोन मायक्रॉन निकेल आणि सगळ्यात वर शिसं-कथिल-तांब्याचा १५ ते २५ मायक्रॉनचा मुलामा. मधल्या निकेलचं काम एवढंच, की वरच्या मुलाम्यातलं कथिल गरमीने खालच्या ब्राँझमध्ये मुरू नये. ताकद ब्राँझची आणि मऊपणा त्या वरच्या मुलाम्याचा. मुलामा गेला की तांबं दिसतं. तेवढ्याने इंजिन लगेच बंद पडत नाही, पण माया संपलेली असते. त्यानंतर येणारा प्रत्येक कण थेट जर्नल ओरबाडतो, आणि उघड्या ब्राँझमधलं शिसं आम्ल झालेलं तेल खाऊन टाकतं.

स्पटरमध्ये खालचं ब्राँझ तेच, पण वरचा मुलामा ॲल्युमिनियम-कथिलाचा, निर्वात पेटीत अक्षरशः अणू-अणूने बसवलेला. भार सोसायला तिन्हींत हाच वरचढ. पण हा थर कठीण आहे, कण गिळत नाही. म्हणूनच स्पटरच्या सेटमध्ये दोन्ही अर्धी सारखी नसतात: ज्या अर्ध्यावर जळणाचा मार येतो तेवढंच स्पटरचं आणि समोरचं मऊ, कचरा झेलायला. रॉडमध्ये मार वरच्या, म्हणजे रॉडकडच्या अर्ध्यावर येतो. मेनमध्ये उलट, तिथे क्रँक खाली ढकलला जातो, म्हणून कॅपकडचं, म्हणजे बोल्टने आवळायच्या झाकणाकडचं, अर्धं भार घेतं. अर्धी उलटसुलट बसली तर इंजिन सुरू होतं, चालतं, प्रेशरही छान दाखवतं, आणि मग मऊ अर्धं थकून फुटतं. पाठीवर खूण असते ती वाचूनच बसवायचं. खूण पुसट असेल तर तो सेट परत करा.

हल्लीच्या सेटमध्ये शिसं नसलेले मुलामेही येतात, बिस्मथचे, पॉलिमरचे. युरोपातल्या वाहनांच्या नियमांनी शिसं हद्दपार केल्यावर हे बदल आले. इंजिन बनवणाऱ्याने आपल्याच जुन्या नंबरच्या जागी ते दिलं असेल तर बिनधास्त वापरा.

तुमच्या इंजिनात मूळ काय होतं ते कळायला जुना शेल पुरे. टाकाऊ शेल पकडीत धरा आणि त्याची कड कानशीने तिरकी घासा. पोलादाच्या आत तांबूस रेघ दिसली तर ब्राँझ, म्हणजे ट्रायमेटल किंवा स्पटर. आतली रेघ पांढरीच असेल तर ॲल्युमिनियम. मग रॉडच्या न झिजलेल्या जोडीतलं वरचं आणि खालचं अर्धं उजेडात शेजारी धरा. दोन्हींचा रंग आणि चमक स्पष्ट वेगळी असेल आणि पाठीवरच्या खुणाही वेगळ्या असतील, तर मूळ सेट स्पटरचा असण्याची दाट शक्यता आहे. भाग-क्रमांकावरून कॅटलॉगमध्ये खात्री करून घ्या.

मग माझं म्हणणं असं. मूळ स्पटर असेल तर बिग एन्डला स्पटरच, त्याखाली उतरू नका. मूळ ट्रायमेटल असेल तर ट्रायमेटलच. ‘वरचा माल आहे’ म्हणून स्पटरवर उडी मारू नका. जुन्या शेलवर थकव्याच्या भेगा असतील तर मात्र स्पटरचा विचार करा, आणि त्याआधी डिझेल पंपाचं टायमिंग आणि इंजेक्टर तपासा. टायमिंग पुढे सरकलेलं असेल तर दाब इतका चढतो की कुठलंही बेअरिंग थकेल. मेनला मूळ बायमेटल असेल तर तिथे बायमेटल चालेल. मेन एका जातीची आणि बिग एन्ड दुसऱ्या जातीची असण्यात काहीही वावगं नाही, कारखान्यातूनच इंजिनं तशी येतात.

स्पटरला आणखी एक अट आहे, ती विक्रेता सांगत नाही. समोरचं जर्नल कठीण केलेलं हवं. इथे तुमचा क्रँक कशाचा आणि कसा कठीण केलाय हे कळलं पाहिजे. इंडक्शनने कठीण केलेल्या जर्नलमध्ये कडकपणा काही मिलिमीटर खोल असतो, दोन-तीन वेळा ग्राइंड केलं तरी उरतो. नायट्राइड केलेल्यात तो जेमतेम ०.३ ते ०.५ मिमी. ०.२५ ला उतरवलं म्हणजे एका बाजूने ०.१२५ मिमी गेलं, वरचा सगळ्यात कडक भाग त्यातच होता. ०.५० ला उतरवलं की पाव मिलिमीटर गेलं, मग पुन्हा नायट्राइड करून घ्यावं लागतं. काही इंजिनांचे क्रँक ग्राइंड करायलाच बनवणाऱ्याची परवानगी नसते, तेवढं मॅन्युअलमध्ये आधी बघा. दोन नंबरच्या जर्नलवर निळसर-जांभळी झाक आलीय का तेही बघा. आली असेल तर ते तापलंय. तिथला कडकपणा मोजून घ्या आणि भेगांसाठी चुंबकीय चाचणी करा. ग्राइंडिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, कारण घाईत खोल कट घेतला तर ग्राइंडिंगच भेगा पाडतं.

मिस्त्रीच्या पॉलिशबद्दल. नखाला लागणारा ओरखडा पॉलिश पेपरने जात नाही, आणि जाईपर्यंत घासलात तर जर्नलचा गोलपणा जातो. तांब्याचा एक तुकडा घ्या आणि त्याची कड जर्नलवरून आडवी ओढा. मागे तांब्याची रेघ राहिली तर तो पृष्ठभाग बेअरिंगला कानशीसारखा घासणार. बाकीची जर्नल ‘डोळ्यांना बरी’ आहेत, ठीक आहे, पण मायक्रोमीटरला बरी आहेत का? प्रत्येक जर्नल दोन जागी, आणि प्रत्येक जागी एकमेकींशी काटकोनातल्या दोन दिशांनी मोजा. मेन सगळी मर्यादेत निघाली तर त्यांना हात लावू नका, स्टँडर्डच राहू द्या. बिग एन्ड मात्र चारही एकाच मापाला उतरवा. ग्राइंडिंगवाल्याचं अर्धं ऐका म्हणालो ते हे. एकटं दोन नंबर उतरवता येतं, मी पाहिलंय. पण मग एका इंजिनात दोन मापांची बिग एन्ड आली, आणि पुढच्या खेपेला जो कोणी ते इंजिन खोलेल तो फसणार.

आता मापाचं. इथेच सगळ्यात जास्त इंजिनं बिघडतात, धातूत नाही. रीत अशी आहे: आधी क्रँक मोजून कितव्या अंडरसाईजला (घासून कमी केलेल्या मापाला) साफ होईल ते ठरवा. ते माप त्याच धातूत मिळतंय का विचारा, कारण पुष्कळदा स्टँडर्ड स्पटरमध्ये मिळतं आणि ०.५० फक्त ट्रायमेटलमध्ये. बेअरिंग हातात आली, मोजली, की मग क्रँक ग्राइंडिंगला द्या, आणि ‘०.२५ ला उतरव’ असं न सांगता नेमकं माप लिहून द्या.

एक उदाहरण करून दाखवतो. समजा तुमचं स्टँडर्ड बिग एन्ड जर्नल ६५.०० मिमी, आणि मॅन्युअलने तेलाची फट ०.०४ ते ०.०८ सांगितली आहे. ०.२५ चे शेल रॉडमध्ये बसवले, कॅप पूर्ण टॉर्कला आवळली आणि आतला व्यास बोअर गेजने उभ्या दिशेने मोजला: ६४.८१२ आला. मला फट ०.०५५ हवी असेल तर जर्नल ६४.७५७ हवं. ग्राइंडिंगवाल्याने कोष्टकातली खालची हद्द पकडून ६४.७४० केलं असतं तर फट ०.०७२ झाली असती. मर्यादेतच, म्हणून कोणी तक्रार करत नाही. पण फटीतून बाजूला सांडणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ०.०५५ च्या जागी ०.०७२ म्हणजे सव्वादोन पट तेल. चारही बिग एन्ड तशी आणि मेन थोडी झिजलेली, की गरम इंजिनाचं आयडलिंगला प्रेशर पडतं आणि सगळे पंपाला शिव्या देतात. मॅन्युअल हाताशी नसेल तर व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपासची फट हा जुना ठोकताळा आहे, ६५ मिमीला ०.०६५. मी त्याच्या थोडा आत राहतो, पण हा ठोकताळाच. मॅन्युअल मिळालं की तो विसरा.

शेलची जाडी मोजायची तर मधोमध, आणि आतल्या बाजूला गोळी असलेल्या मायक्रोमीटरने. जोडाजवळ मोजू नका. शेल तिथे मुद्दाम पातळ केलेला असतो, कारण पूर्ण वेगात रॉडचं बोअर ताणलं जाऊन बाजूने आत येतं. आडव्या दिशेने बोअर गेज लावून ‘बेअरिंग अंडाकृती आहेत’ म्हणून सेट परत करणारे मी पाहिलेत. बेअरिंग अंडाकृतीच असतात. प्लास्टिगेजचा धागा (चेपून किती रुंद झाला त्यावरून फट सांगणारा) शेवटची खात्री करायला चांगला आहे; धागा आत असताना क्रँक फिरवायचा नाही, नाहीतर तो फरफटतो. माप ठरवायला मात्र त्याच्यावर विसंबू नका.

आणखी एक खोच: डब्यावर ०.२५ मिमी आहे की .०१० इंच ते बघा. दहा थाऊ म्हणजे ०.२५४, फरक चार मायक्रॉनचा, चालून जातो. पण चाळीस थाऊ म्हणजे १.०१६, तिथे १६ मायक्रॉनचा फरक पडतो आणि तो चालत नाही. डब्याच्या लेबलवर तर विश्वासच ठेवू नका. सीलबंद डब्यातून सात शेल ०.२५ चे आणि एक ०.५० चा माझ्या बाकावर निघालाय. तो तसाच बसवला असता तर क्रँक फिरलाच नसता, म्हणून ते निदान कळलं असतं. उलटं झालं असतं, तर ठोका आल्यावरच कळलं असतं.

ग्राइंडिंगला देताना मापाशेजारी आणखी तीन गोष्टी लिहा. जर्नलच्या कडेची गोलाई मूळ मापाची ठेवायची. ती लहान केली तर क्रँक तिथूनच तुटतो. मोठी केली तर शेलची कड तिच्यावर चढते आणि पहिल्या काही तासांत कडेने जळते. तेलाच्या भोकांचे काठ गोल करून पॉलिश करायचे. आणि शेवटचं पॉलिश इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने, म्हणजे उरलीसुरली कुसळं बेअरिंगकडे तोंड करून राहत नाहीत. पृष्ठभागाचा खरबरीतपणा (Ra) ०.२ मायक्रॉनच्या आसपास आला की बस.

नव्या सेटमध्ये खाचेकडेही लक्ष द्या. मेनच्या वरच्या शेलला तेलाची खाच आणि भोक असतं, खालचा बहुधा सपाट असतो, कारण भार घेणाऱ्या अर्ध्यात खाच आली की तेलाची साय मधोमध फाटते. सपाट शेल वर बसला तर ब्लॉकमधलं तेलाचं भोकच बंद होतं. प्रत्येक शेल ब्लॉकमध्ये बसवल्यावर भोकातून आरपार तार घालून बघायला दहा सेकंद लागतात.

बेअरिंग जागेवर धरून ठेवतं ते लॉक नव्हे. लॉकची ती छोटी जीभ फक्त बसवताना जागा दाखवण्यासाठी आहे. शेल फिरत नाही तो दाबामुळे: मोकळ्या शेलची टोकं जोडापेक्षा किंचित वर राहतील इतका तो मुद्दाम लांब केलेला असतो, आणि कॅप आवळली की तो हाऊसिंगला चारही बाजूंनी घट्ट चिकटतो. म्हणून शेलची टोकं घासायची नाहीत, कॅप घासायची नाही, पाठीला तेल लावायचं नाही, पाठीमागे कागद किंवा पत्रा घालायचा नाही. जुन्या ओतीव बेअरिंगच्या काळात पत्र्याच्या शिम काढून आणि निळी लावून खरवडून बेअरिंग बसवत, आणि ते तेव्हा बरोबरच होतं. ती सवय काही हातांत अजून आहे. तुमचा दोन नंबरचा रॉड बिनशेलचा आवळून मोजाच. ठोका देत चाललेल्या रॉडचं बोअर सहसा गोल राहत नाही. साध्या रॉडचं बोअर दुरुस्त करून घेता येतं. पण रॉड फोडून जोडलेला, म्हणजे जोडावर खडबडीत तुटीचे दाणे असलेला असेल तर त्याचा जोड घासताच येत नाही. बोअर गेलं की रॉड बदला. बोल्ट कोनात आवळायचे असतील तर नवेच घ्या.

थ्रस्ट वॉशर थोडक्यात: खाचांची बाजू क्रँककडे, क्रँकची पुढे-मागे हालचाल डायल गेजने बघा, बहुतेक इंजिनांत ०.१ ते ०.३ मिमीच्या दरम्यान असते. जास्त असेल तर जाड वॉशर मिळतात.

एवढं सगळं नीट करून माझं एक इंजिन थोड्याच तासांत परत आलं होतं. धातू बरोबर, मापं बरोबर, तरी बिग एन्डवर गोल ओरखडे आणि त्यांत पिवळसर कण. आधीच्या फुटलेल्या बेअरिंगचं ब्राँझ ऑइल कूलरमध्ये अडकून बसलं होतं. मी तो डिझेलने खळबळून धुतला होता आणि स्वतःचं समाधान करून घेतलं होतं. गरम तेल वेगाने वाहायला लागल्यावर ते सगळं बाहेर आलं आणि फिल्टरला वळसा घालणारा बायपास उघडला तेव्हा थेट नव्या बेअरिंगवर गेलं. तेव्हापासून बेअरिंग फुटलेल्या इंजिनाचा ऑइल कूलर मी धूत नाही, बदलतो. ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे प्लग काढून ब्रश घालतो. क्रँकमधल्या आडव्या भोकांचे प्लगसुद्धा, कारण जर्नलच्या आत त्यांच्यामागे गाळाचा कप्पाच तयार झालेला असतो. तुमच्या क्रँकचे हे प्लग ग्राइंडिंगनंतर काढा, म्हणजे दगडाची पूडही निघेल.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, गेजला प्रेशर दिसेपर्यंत. सुरू झाल्यावर तासभर आयडलिंगला ठेवू नका, मध्यम भार द्या. आणि पहिला फिल्टर काढाल तेव्हा फेकू नका. कापा, कागद पसरा, उन्हात धरून बघा. करड्या रंगाची बारीक पूड दिसेल, ती रिंगांची आणि बसत असलेल्या मुलाम्याची. तांबूस चकाकणारा एक जरी पापुद्रा दिसला तर इंजिनाखालचा तेलाचा संप खोला आणि दोन नंबरची कॅप सगळ्यात आधी उतरवा.